पाचर

उणे ऐंशीच्या कपाटातून मी तिला काढते
बर्फाच्या डब्यात, लागेल तेवढीच,
आणि दारावरच्या वहीत लिहिते: यागोदा, सहा चाळीस.
बाहेर वुच शहर अजून काळं,
गिरणीच्या जुन्या धुराड्यामागे पहिली ट्राम वळते आहे.

तिला म्हणजे कात्रीला. विषाणूच्या.
पेशीत एक लांबच लांब माळ विणली जाते
आणि ही तिचे नेमक्या जागी तुकडे करते.
तुकडे झाले तर विषाणू वयात येतो,
नाही झाले तर नुसताच पोकळ,
जन्मला तरी कुणाचं वाकडं न करणारा.

पण ती एक नाहीच.
दोन पाती, हुबेहूब सारखी,
नव्याण्णव-नव्याण्णव मण्यांची, सुटी भटकणारी.
एकटं पातं लोणीसुद्धा कापत नाही.
भेटली, की दोघांची शेपटं एकमेकांत गुंततात,
चौपेडी वेणी,
आणि मधल्या फटीत धार जन्मते,
अर्धी याची, अर्धी त्याची.

धारेवर बोट ठेवणारी औषधं आहेत आधीच.
विषाणू धार जराशी वळवतो, बोट निसटतं.
झेमोवित म्हणतो, धारेकडे जायचंच नाही आपण.
वेणीत पाचर मारायची.
टाळी वाजायच्या आधीच
एका तळहातात काहीतरी ठेवून द्यायचं.

म्हणून ही बशी, तीनशे चौऱ्याऐंशी खळग्यांची.
प्रत्येकात कात्री, एक नवा रेणू
आणि एक दोरा, कापला गेला की उजळणारा.
उजळला म्हणजे कात्री चालली, रेणू हरला.
सगळं जग दिवा शोधतं.
मी नऊ महिने अंधार शोधते आहे.

एक्केचाळिसाव्या बशीत तो होता. के-सतरा. काळाकुट्ट.
मी ओरडले नाही,
आधी चारदा ओरडून झालं होतं.
साबणाचा थेंब सोडला,
कारण काही रेणू चिखलासारखे गोळा होतात
आणि कात्रीला पोटात घेऊन बसतात.
तो विजय नव्हे, तो गाळ.
आधीचे चारही साबण लागताच लख्ख झाले होते.
हा काळाच राहिला.

रविवारी आईला सांगितलं, कानाशी, मोठ्याने.
तिचे कान मागांनी केव्हाच खाल्ले.
खसखशीचा पाव कापता कापता म्हणाली,
आम्ही केलंय हे.

कधी?

संपाच्या हिवाळ्यात.
मुकादम कात्र्या मोजून द्यायचा, मोजून घ्यायचा.
मोडली असती तर पगारातून गेली असती.
रात्रपाळीला आम्ही फक्त मधले स्क्रू काढले.
सकाळी मोजणीला पाती पुरी,
कापायला एक नाही.

आणि स्क्रू?

ती उठली, बटणांचा डबा मेजावर ओतला.
शिंपल्याची बटणं, हुक, एक परदेशी नाणं,
बाबांच्या ओव्हरकोटाचं बक्कल.
माझी गेनोवेफा, सात नंबरच्या टेबलाची,
बोटांनी बराच वेळ चाचपत राहिली.
होता इथे, म्हणाली. चहा गार झाला.

सोमवारी निकाल आला:
के-सतरा पेशीत शिरतच नाही.
दाराबाहेर उभा राहतो, टोपी हातात धरून,
आत कात्री तिचं काम करते.
झेमोवितने ट्रामच्या तिकिटामागे त्याला पुन्हा काढलं,
एक बाहू खोडला, शेपूट आखूड केलं,
मग तेही खोडलं, आणि तिकीट खिशात घातलं.
तपासनीस आला तर दाखवायला काही हवं, म्हणाला.

सहा चाळीस. बेचाळिसावी बशी आत सरकते.
पडद्यावर खळगे उजळू लागतात,
आधी कडेचे, मग मधले,
नको तितके सुंदर.